यंदा दयाळ गप्प आहे

१२ फेब्रुवारी १९६१, रविवार

सकाळी परसात शेवग्याखाली खुर्ची टाकून बसलो. दयाळ आला, शेंड्यावर बसला, शेपटी ताठ उभी केली, एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे, आणि उडून गेला. चोचीतून अक्षर नाही. माझा चहा गार झाला तो वेगळाच.

ही वही पक्ष्यांसाठी घेतली आहे. कोर्टाची डायरी निराळी. पण पहिल्याच पानावर पक्ष्यांपेक्षा चिडचिड जास्त होणार असं दिसतं. होऊ दे. बायकोवर चिडण्यापेक्षा कागदावर चिडलेलं बरं.

पैज आधी लिहून ठेवतो. दयाळ म्हणजे साळुंकीपेक्षा लहान, काळापांढरा पक्षी. थंडीभर तो मौन पाळतो आणि वसंताची चाहूल लागली की एके दिवशी पहाटे शेंड्यावर बसून शीळ घालायला लागतो. अकोल्याचा उत्तमराव आणि अमरावतीचा मी, दोघांपैकी ज्याला ती शीळ आधी ऐकू येईल त्याने दुसऱ्याला कार्ड टाकायचं, आणि हरणाऱ्याने उत्तमच्या बाळापूर रोडवरच्या बागेत रोडगे, म्हणजे निखाऱ्यांत भाजलेले कणकेचे गोळे, जेवायला घालायचे. नागपूरला वसतिगृहात एका खोलीत राहत होतो तेव्हापासून हे चालू आहे. त्यात नियम माझा आहे: नुसता दिसलेला पक्षी धरायचा नाही, कानाने ऐकलेलाच धरायचा. उत्तम पुढे ड्रॉइंग मास्तर झाला, त्याचे डोळे तेव्हापासूनच घारीचे. डोळ्यांवर पैज लावली असती तर मी जन्मभर रोडगेच घालत बसलो असतो.

गेली दोन वर्षं तोच जिंकला. यंदा मी त्याला जिंकू देणार नाही. त्याच्याइतका जवळचा मित्र मला दुसरा नाही, म्हणूनच त्याच्याकडून हरणं जास्त झोंबतं.

तारा स्वयंपाकघरातून काहीतरी म्हणाली. हल्ली ती चुलीकडे तोंड करून बोलते. मी दोनदा "काय" म्हटलं, तिसऱ्यांदा विचारलं नाही. माणसाने एकदाच बोलावं पण स्पष्ट बोलावं.

१६ फेब्रुवारी

मोर्शीकडच्या विहिरीचा दावा. माझा पक्षकार देवीदास, संत्र्याच्या बागा असलेला, तोलामोलाचा माणूस. आज समोरच्यांची साक्षीदार होती पंचफुला नावाची बाई. पदर तोंडावर धरून नुसती पुटपुटते. "बाई, मोठ्याने बोला" असं मी तिला बजावून सांगितलं, तर न्यायाधीश मलाच म्हणाले, "वकीलसाहेब, उत्तर आलंय तिचं." मागच्या बाकांवर कोणीतरी हसलं असावं, कारण देवीदास मान खाली घालून बसला होता.

रविकांत, माझा पुतण्या, दोन वर्षं माझ्या हाताखाली आहे. त्याने बाईचं उत्तर कागदाच्या चिटोऱ्यावर लिहून माझ्यापुढे सरकवलं. मी तो चिटोरा चुरगाळून खिशात घातला. भर कोर्टात काकाला शिकवायचं काय कारण? पोराला माझ्या खुर्चीची घाई झाली आहे, दुसरं काही नाही.

१९ फेब्रुवारी, रविवार

तांबट सुरू झाला. पितळी भांड्यावर ठोके घालावेत तसं त्याचं टुक टुक टुक सकाळभर चालू होतं. कोकीळही एकदा ओरडला. भारद्वाज कुंपणात बसून घुमत होता. म्हणजे वसंत आला आहे, यात वाद नाही. मग दयाळालाच काय धाड भरली आहे?

आणि तो एकटाच नव्हे. जास्वंदीवर शिंजीर लटकत होता, डाळिंबावर चष्मेवाल्या पाखरांचं टोळकं होतं, सगळे मुके. एरवी हीच मंडळी डोकं उठवतात. राजापेठेत लग्नसराईचे कर्णे दिवसभर बोंबलत असतात, त्यांनी पाखरं बिचकली असणार. शिवाय शेजाऱ्यांची मांजर आमच्या परसात जहागीर असल्यासारखी फिरते. तिला आज चप्पल फेकून मारली. लागली नाही.

तारा बाहेर आली. म्हणाली, "मांजरीनं काय केलंय तुमचं?" हे मात्र स्वच्छ ऐकू आलं. भांडायचं असलं की हिचा आवाज बरोबर फुटतो.

नंतर ती चहा घेऊन आली, कप हातात दिला आणि बोटाने वर शेवग्याकडे दाखवून माझ्या तोंडाकडे पाहत उभी राहिली. शेंड्यावर दयाळ होता. मी म्हटलं, "दिसला मला. डोळे आहेत, दुर्बीणही आहे." ती आत गेली. बायकांना पक्षी दाखवण्याचीही हौस असते.

२५ फेब्रुवारी

उत्तमचं कार्ड आलं. दोनच ओळी. "वकिला, दयाळ बोलला. पीठ दळून ठेव."

सबंध दिवस वाया गेला. अकोला इथून साठ मैल. तेच ऊन, तोच वारा, तिथले दयाळ काय वेगळं पाणी पितात? तिथे गातो आणि इथे माझ्या शेवग्यावर महिनाभर तोंड शिवून बसतो, हे मला पटत नाही. ताराला कार्ड वाचून दाखवलं. ती म्हणाली, "अहो, आपल्याकडचा पण..." आणि थांबली. मी विचारलं, "आपल्याकडचा काय?" तर म्हणे, "काही नाही. तुम्ही एकदा नागपूरला डॉक्टरांकडे जाऊन या ना." दयाळाचा आणि डॉक्टरांचा काय संबंध? माझी प्रकृती ठणठणीत आहे.

उत्तमला उलट कार्ड टाकलं, की मी जातीने येऊन ऐकीन, मगच हार मानीन. पुराव्याशिवाय हुकूमनामा नाही.

५ मार्च, रविवार. रात्री

लिहिल्याशिवाय झोप लागणार नाही.

पहाटेच मॉरिस काढली. शेजारी तारा, मागच्या सीटवर संत्र्यांची करंडी. बडनेरा मागे पडेपर्यंत उजाडलं. रस्ता काय सुंदर होता. तारांवर ठिकठिकाणी नीलकंठ, मधूनच एखादा उडाला की पंखांतला निळा रंग झळकायचा. मूर्तिजापूरच्या अलीकडे पळस नुसते पेटले होते आणि त्यांच्यावर भोरड्यांचे थवे, गुलाबी अंगाच्या, काळ्या डोक्याच्या. गाडी थांबवून दुर्बिणीतून पाहिल्या. शेकडो होत्या, मध पिताना एकमेकींना ढुशा देत होत्या. पुढे वेडे राघू, कोतवाल, काटेसावरीवर हळद्याची जोडी. तारा म्हणाली, "कसला कलकलाट करतात हो या भोरड्या." मला तर त्या शिस्तीच्या वाटल्या.

काटेपूर्णेच्या पुलाआधी एका ट्रकवाल्याने जीवच घेतला असता. हॉर्न न वाजवता मागून आला आणि अगदी खेटून पुढे गेला. ताराने माझा हात धरून चाक डावीकडे ओढलं. मी त्या ट्रकवाल्याला मनसोक्त शिव्या दिल्या. तारा पांढरीफटक पडली होती. "तो केव्हाचा हॉर्न वाजवत होता," असं काहीतरी म्हणाली. घाबरलेल्या माणसाला काय वाट्टेल ते भास होतात. मी वाद घातला नाही.

बागेत उत्तम आणि इंदूबाई वाट पाहत होते. इंदूबाईंनी गोवऱ्या जाळून निखाऱ्यांची आर पाडली होती, कणीक मळून ठेवली होती, वांग्याची भाजी चुलीवर होती. खरं तर हरलो तर रोडगे माझ्याकडून, पण त्या माउलीने पाहुणा म्हणून सगळी तयारी केलेली.

उत्तम मला आंब्यांच्या रांगेत घेऊन गेला. एका उंच आंब्याखाली थांबला, वर बोट केलं. "तो पाय. आयक आता."

दयाळ होता, पार वरच्या फांदीवर, पानांआड अर्धा. मी श्वास रोखून उभा राहिलो. विहिरीवरच्या मोटेचा करकर आवाज, लांब कुठे बैलाचं हंबरणं. बाकी काही नाही.

"बोलून राहिला ना," उत्तम म्हणाला.

"काय बोलून राहिला? मुका आहे तो."

"वकिला, थट्टा नको करू. केवढ्यानं शीळ घालून राहिला. वहिनी, तुमाले येते ना आयकू?"

तारा मागून आली होती. तिने माझ्याकडे पाहिलं, उत्तमकडे पाहिलं, आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत गप्प राहिली. तिचं गप्प राहणं मी माझ्या बाजूची साक्ष धरली.

मग मला राग आवरला नाही. मी म्हटलं, पैज जिंकायची होती तर सरळ मागायची होतीस, रोडगे मी असेही घातले असते. पण खोटी साक्ष द्यायची आणि माझ्या बायकोलाही त्यात ओढायचं, हे तुला शोभत नाही. आणि गेली दोन वर्षंसुद्धा तू अशाच थापा मारून जिंकलास.

उत्तमचा चेहरा उतरला. तो चिडला असता तर मला बरं वाटलं असतं. तो हळूच काहीतरी म्हणाला, मग माझ्या जवळ येऊन पुन्हा म्हणाला, "खोटं बोलून मले काय भेटते, चिंतामण?" इतक्या वर्षांत त्याने मला नावाने हाक मारलेली मला आठवत नाही. मी त्याला नेहमीच 'वकील'.

मी ताराला गाडीत बसायला सांगितलं. इंदूबाई पिठाच्या हातांनी वाटेत येऊन उभ्या राहिल्या. "भाऊजी, असं ताटावरून काहून उठता? वहिनीले तरी खाऊ द्या." मी थांबलो नाही. संत्र्यांची करंडी तिथेच उतरवून ठेवली आणि निघालो. परतीच्या रस्त्यावर एकही पक्षी पाहिला नाही.

६ मार्च

काल मी केलं ते बरोबरच केलं. खोटं ते खोटं, मग ते मित्राने केलेलं असो. एवढं लिहून पुन्हा वाचलं. कायद्याने काही चूक दिसत नाही. तरी जेवण गेलं नाही.

तारा बोलत नाही. हल्ली ती इतकं हळू बोलते की अबोला धरला काय आणि नाही काय.

१७ मार्च, गुढीपाडवा

दर पाडव्याला उत्तम अकोल्याहून येणाऱ्या कोणाबरोबर तरी साखरेच्या गाठी पाठवतो. यंदा आल्या नाहीत. मला त्याचं काही वाटत नाही, असं ताराला सांगितलं. तिने बाजारातून गाठी आणून गुढीला बांधल्या होत्या, त्या पाहवेनात.

माफी त्याने मागायला हवी. मी का मागू?

२२ मार्च

आज कोर्टात जे झालं ते कोणाला सांगण्यासारखं नाही, म्हणून इथे.

मी उलटतपासणी घेत होतो. एक प्रश्न विचारला, मग त्यालाच जोडून दुसरा, मग तिसरा. मान वर केली तर न्यायाधीशांनी चष्मा काढून टेबलावर ठेवलेला. समोरचा वकील उभा. सगळं कोर्ट माझ्याकडे पाहतंय. रविकांत माझ्या कोटाची बाही ओढत होता. माझा पहिलाच प्रश्न न्यायाधीशांनी नामंजूर केला होता, दोनदा सांगितलं होतं, आणि मी आपला रेटत होतो.

बाहेर पडल्यावर देवीदास वडाखाली माझी वाट पाहत होता. मोठ्या अदबीने, अगदी तोंडाशी येऊन बोलला. "साहेब, राग नका मानू. पुढच्या तारखेले रविकांतभाऊनं चालवलं तरी चालन आमाले. तुमी बसा ना बाजूले."

मी तडक घरी आलो. रविकांतला बोलावून विचारलं, हे तू त्याच्या डोक्यात भरवलंस का. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तो काय म्हणाला ते मी ऐकायला थांबलो नाही. सगळे मिळून मला मोडीत काढायला निघाले आहेत. मित्र खोटारडा, पुतण्या टपलेला, बायको मुकी. एवढ्या माणसांना एकदम काय झालं असेल?

२६ मार्च, रविवार

शेवटी दयाळ जवळ आला.

नळापाशी मोरी धुतलेल्या पाण्याची ओल असते, तिथे किडे वेचायला त्याची मादी उतरली होती, करड्या रंगाची. मी खुर्चीत हलायचं नाही म्हणून दगडासारखा बसलो होतो. तो तिच्यामागून आला आणि कपडे वाळत घालायच्या खांबावर बसला. माझ्यापासून चार हातांवर. दुर्बिणीचीही गरज नव्हती.

त्याने शेपटी उभारली. मान वर केली. आणि चोच उघडली.

गळ्याची पिसं फुगली, खाली बसली, पुन्हा फुगली. चोच उघडत होती, मिटत होती. आतली जीभ हलताना दिसत होती. छाती थरथरत होती, पंख अर्धवट सुटले होते, सगळा जीव गोळा करून तो काहीतरी करत होता. मादी वेचायचं थांबून वर पाहत होती. आणि मला काही नाही. तांबटाचे ठोके येत होते, रस्त्यावरच्या टांग्याच्या घोड्याच्या टापा येत होत्या. त्याचं मात्र काही नाही.

पहिल्यांदा वाटलं, आजारी असेल. खरंच असं वाटलं मला. इतका मी मूर्ख.

तारा उंबऱ्यात उभी होती. मी तिला विचारलं, "हा गातोय का?"

तिने मानेनेच हो म्हटलं.

"केव्हापासून?"

ती जवळ आली, माझ्यासमोर, तोंड माझ्याकडे करून म्हणाली, "महाशिवरात्रीच्याही आधीपासून. रोज पहाटे."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं हो. किती वेळा सांगितलं. स्वयंपाकघरातून सांगितलं, तुमच्या खुर्चीजवळ येऊन सांगितलं. मग नुसतं बोट दाखवायला लागले. तुम्ही म्हणालात, डोळे आहेत मला."

मी म्हटलं, त्या दिवशी बागेत तरी बोलायचं होतंस. ती म्हणाली, "चारचौघांत तुम्हाला बहिरं म्हणू? माझी जीभ नाही रेटली. आणि म्हटलं असतं तर ऐकलं असतं तुम्ही?"

दयाळ उडून गेला होता. मी त्या खांबाकडे पाहत बसलो. मला रडू आलं. ताराने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि काही बोलली. ती माझ्या पाठीमागे होती, काय बोलली ते कळलं नाही. या वेळी मी वळून विचारलं.

२ एप्रिल, रविवार

गाडी रविकांतने चालवली. त्याला परवाच सांगितलं, विहिरीचा दावा तूच चालव, मी बाजूला बसेन, आणि चिटोरे लिहीत जा. पुढल्या आठवड्यात नागपूरच्या डॉक्टरांकडेही जायचं आहे. हे सगळं मी आनंदाने केलेलं नाही. अजूनही मला राग येतो. कोणाचा ते कळत नाही, एवढाच फरक आहे.

काटेपूर्णेपाशी मागून ट्रक आला. रविकांतने गाडी बाजूला घेतली. मी वळून ड्रायव्हरकडे पाहिलं, त्याचा हात भोंग्याच्या रबरी फुग्यावर होता, तो दाबतच होता. मी डोळे मिटून घेतले. तारा शेजारी बसली होती त्या दिवशी.

उत्तम बागेत झाडांना आळी करत होता. मला पाहून कुदळ खाली ठेवली, पण पुढे आला नाही. मीच गेलो. रस्ताभर जुळवलेल्या भाषणातलं एकही वाक्य आठवेना. म्हटलं, "उत्तम, मला ऐकू येत नाही रे. बारीक आवाज काहीच येत नाहीत. तू खोटं बोलला नव्हतास."

त्याने हाताची माती झटकली. मग माझ्या कानाशी तोंड आणून ओरडला, "मंग असा बोंबलू काय रोज?"

मी म्हटलं, इतकाही बहिरा नाही.

इंदूबाईंची माफी मागणं जास्त कठीण गेलं. त्या म्हणाल्या, "मले राग तुमच्या बोलण्याचा नाई आला, भाऊजी. वहिनी उपाशी गेली, त्याचा आला." मग लगेच कणीक मळायला बसल्या. मी अमरावतीहून पीठ, वांगी, तूप सगळं आणलं होतं. हरल्याचे रोडगे माझेच.

आर पडेपर्यंत उत्तम मला पुन्हा त्या आंब्यांकडे घेऊन गेला. दयाळ वरच होता. उत्तमने एक हात कानामागे धरला, थोडा वेळ ऐकलं, आणि मग आपल्या बिडीने घोगऱ्या झालेल्या आवाजात, खर्जात, ते म्हणायला लागला. पक्ष्याने एक लकेर घेतली की हा ती खाली ओढून आणायचा. "हूं हूं हूऽऽ, हू हू, हूंऽऽ." थांबायचा, मान तिरपी करून पुन्हा ऐकायचा, पुढचं म्हणायचा. गोठ्यात अडकलेल्या रेड्याने गाणं म्हणावं तसं ते होतं. पण चढउतार होते त्यात. कुठे लांबवलं, कुठे झटक्यात तोडलं, ते कळत होतं. वसतिगृहातल्या खिडकीत आम्ही दोघं पहाटे उठून ऐकायचो, तेच.

मी म्हटलं, "ऐकला. हरलो."

तिकडे चुलीजवळ तारा आणि इंदूबाई उत्तमचे चाळे पाहत होत्या. तारा हसली. तोंडाला पदर न लावता, मान मागे टाकून, अंग हलेपर्यंत हसली. मी ते पाहिलं. आणि पाहता पाहता ध्यानात आलं की मी फक्त पाहतोच आहे. शेवटचं तिचं हसणं ऐकलं ते केव्हा, आठवेना. गेल्या वर्षी? त्याआधी? महिनाभर मी एका पाखरासाठी सगळ्या जगाशी भांडत होतो, आणि हे कधी गेलं त्याचा मला पत्ताही नव्हता.

उत्तमला हळूच विचारलं, "ती हसली, त्याचा आवाज झाला का रे?"

"झाला ना," तो म्हणाला. "मोठा झाला."

तिच्या हसण्याची नक्कल त्याने केली नाही, मीही करायला सांगितली नाही. इंदूबाईंनी हात करून बोलावलं, तसे आम्ही जेवायला गेलो. मी ताराच्या समोर बसलो, तिचं तोंड दिसेल असा.